आधी सहा मापं, मग होन : स्प्लेंडरचा ब्लॉक घरी तपासताना

रविवारी सकाळी पोहे फोडणीला टाकले आणि बेल वाजली. दारात पुतण्या, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्लॉक.

"काकू, होन मारून देशील? दोन महिन्यांपूर्वी रिंगा नव्या टाकल्या, तरी गाडी धूर मारतेय."

"मोजलास का?"

"गॅरेजवाल्याने बघितला ना. बोट फिरवलं आतून. म्हणाला, बोअर एकदम चांगलाय."

बोअर म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो ते गोल भोक. बोटाला त्यातला ओरखडा कळतो, व्यास कळत नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत, मी एकोणीस वर्षं मापं घेतली. 'एकदम चांगलाय' म्हणून आलेले आणि गेजने नापास केलेले किती जॉब पाहिले याचा हिशोब नाही. त्यामुळे घरात होन, म्हणजे ड्रिलला लावून भोकात फिरवायचा घासदगड, असूनही मी तो आधी बाहेर काढत नाही, आधी काढते ती बोअर गेजची पेटी. होनने झिजलेला सिलिंडर दुरुस्त होत नाही. होन फक्त पृष्ठभागाला नवी खरखर देतो, म्हणजे रिंगा बसायला आणि तेल धरायला जागा मिळते. भोक वाकडं असेल तर होननंतर ते खरखरीत वाकडं भोक होतं, इतकंच.

ज्याला पुस्तकात सिलिंडर म्हणतात त्याला ठाण्यातले मेकॅनिक ब्लॉक म्हणतात, आणि हेड-ब्लॉक-पिस्टनच्या कामाला 'हाफ इंजिन'. मीही तेच शब्द वापरते. उदाहरणाला स्प्लेंडर घेतली आहे: बोअर ५० मि.मी., स्ट्रोक ४९.५ मि.मी., ९७.२ सीसी. योगायोगाने आमच्या बाबांची जुनी सीडी १०० सुद्धा त्याच मापाची, आणि तिचा ब्लॉक गेले वर्षभर माळ्यावर पडून होता. तोही त्या दिवशी खाली काढला. एक बरा आणि एक गेलेला ब्लॉक शेजारी ठेवून मोजला की फरक चटकन समजतो.

खोलण्याआधी

धूर दिसला म्हणजे रिंगाच गेल्या असं नसतं. सकाळी पहिल्या किकला किंवा लांब उतारानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर देताना निळा भपकारा येऊन थांबत असेल, तर आधी व्हॉल्व्हचे सील आणि गाइड बघा. गाडी ओढताना सतत निळा धूर, ऑइल कमी होणं, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस हे रिंग-बोअरचं लक्षण. कॉम्प्रेशन गेज मिळाला तर थ्रॉटल पूर्ण उघडून वाचन घ्या, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांजवळ, नाही वाढला तर व्हॉल्व्हकडे. पण स्प्लेंडरचा ब्लॉक जवळजवळ आडवा असतो. टाकलेलं ऑइल बोअरच्या खालच्या बाजूला साचतं, सगळीकडे फिरत नाही. त्यामुळे या इंजिनावर ही ओली चाचणी अर्धवटच बोलते. तिच्यावर एकटीवर विसंबून निर्णय घेऊ नका.

खोलण्याबद्दल फार लिहीत नाही, ते मॅन्युअलमध्ये आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. हेडच्या चार नटांखालचा कुठला वॉशर कुठे होता त्याचा फोटो काढा. ब्लॉक सरकवताना पिस्टन मोकळा सुटून स्टडवर आपटू देऊ नका, आणि ब्लॉक निघाल्या निघाल्या क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडका कोंबा. पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनचा लॉक उडून आत गेला तर हाफ इंजिनचं फुल इंजिन होतं. बोळा कोंबायचा कंटाळा केलेल्यांना विचारा.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. आतला पृष्ठभाग कशाचा आहे ते बघा. स्प्लेंडर, सीडी १००, जुन्या आरएक्स १०० यांच्यात ओतीव लोखंडाची स्लीव्ह असते, चुंबक घट्ट चिकटतो. ब्लॉकच्या खालच्या टोकाला स्लीव्हची कड वेगळी दिसते. केटीएमसारख्या गाड्यांत ॲल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय पातळ थर असतो, निकासिल जातीचा. त्यावर हा लेख लावू नका. साधा दगड फिरवून तो थर उडाला तर रिबोअरचीही, म्हणजे भोक मोठं करून मोठा पिस्टन घालायचीही, सोय राहत नाही.

मापाची साधनं

व्हर्नियर बाजूला ठेवा. त्याचं लीस्ट काउंट साधारण ०.०२ मि.मी. आणि आतल्या जबड्यांच्या कडा सपाट, त्यामुळे गोल भोकात व्यास थोडा कमीच दिसतो. आपल्याला निर्णय घ्यायचा आहे तो मिलिमीटरच्या दोन-चार शतांशांवर. व्हर्नियर म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर सोनं तोलणं.

हवा तो डायल बोअर गेज आणि बाहेरचा मायक्रोमीटर. ५० मि.मी. बोअरसाठी ३५–६० रेंजचा गेज घ्या. ५० पासून सुरू होणारा मोठा गेज या कामाला अगदी काठावर पडतो. मायक्रोमीटरची गंमत अशी की पिस्टन भरतो ४९.९ च्या घरात, म्हणून त्याला २५–५० चा लागतो, आणि बोअर ५० च्या वर, म्हणून तिथे ५०–७५ चा सोयीचा. दोन्ही घ्यायचे नसतील तर २५–५० चा घ्या आणि त्याच्या शेवटच्या टोकावर, ५०.०० वर लॉक करून गेज सेट करा. चालतं. मी ही खरेदी वर्षांपूर्वी मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटवर केली. ठाण्याहून जाणार असाल तर स्लो लोकल पकडा, फास्ट तिथे थांबत नाही. दुकानात मायक्रोमीटर बंद करून शून्य बघा, रॅचेट तीनदा फिरवा. तिन्ही वेळा रेघ त्याच जागी यायला हवी.

टेलिस्कोपिक गेज हा स्वस्तातला पर्याय. तो आत फुलवायचा, हलका लॉक करायचा, एकदाच तिरका झुलवून बाहेर काढायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचा. सगळा खेळ हाताचा. एकच जागा पाच वेळा मोजा. पाच आकडे दोन शतांशांत बसेपर्यंत त्या हातावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या असला तरी.

मग तापमान. स्टँडर्ड रूम वर्षभर २० अंशांवर असते, मापनशास्त्राचं ते ठरलेलं तापमान आहे. मे महिन्यात बाहेर घाम आणि आत आम्ही शाल घेऊन. घरी ते शक्य नाही आणि गरजही नाही. लोखंडी स्लीव्ह आणि स्टीलचा मायक्रोमीटर जवळपास सारखेच प्रसरण पावतात, त्यामुळे दोन्ही एकाच तापमानाला असले की चूक बरीचशी कटते. ॲल्युमिनियमचा पिस्टन मात्र जवळपास दुप्पट फुगतो. ५० मि.मी.चा पिस्टन ३३ अंशांच्या खोलीत स्टीलच्या तुलनेत साधारण ६ मायक्रॉन मोठा वाचला जातो. क्लिअरन्सच, म्हणजे बोअर आणि पिस्टन यांच्या व्यासांतला फरक, जिथे दोन-तीन शतांश, म्हणजे २०–३० मायक्रॉन, तिथे हे विसरून चालत नाही. म्हणून ब्लॉक, पिस्टन, गेज, मायक्रोमीटर सगळं रात्रभर एकाच ताटात ठेवा, सकाळी मोजा, आणि पिस्टन मुठीत धरून गप्पा मारू नका.

सहा मापं

गेज सेट करताना मायक्रोमीटर ५०.०० वर लॉक करून त्याच्या दोन तोंडांमध्ये गेज धरा आणि हळूहळू झुलवा. सुई एका बाजूला जाते, थबकते, परत फिरते. ती जिथून परत फिरते ती जागा म्हणजे शून्य. तिथे डायल फिरवून शून्य जुळवा. बोअरमध्येही हेच: गेज पुढे-मागे झुलवा आणि सुई वळते तिथला आकडा घ्या. तो सर्वांत लहान व्यास, म्हणजेच खरा व्यास. तिरका धरलेला गेज नेहमी जास्त दाखवतो.

इथे नवखे एक चूक हमखास करतात. पुतण्यानेही केली. सुई घड्याळाच्या काट्यासारखी उजवीकडे गेली की त्याला वाटलं बोअर वाढला. उलट आहे. भोक लहान झालं की गेजचा पाय आत दाबला जातो आणि सुई उजवीकडे जाते. मोठं झालं की सुई डावीकडे. शंका आली तर गेज हातात घेऊन त्याचा पाय बोटाने दाबा, सुई कुठे पळते ते समोर दिसतं. ही एक गोष्ट उलटी वाचली की सात शतांश झिजलेला ब्लॉक सात शतांश लहान वाटतो आणि माणूस आनंदाने रिंगा आणायला जातो.

आता जागा. तीन उंच्या, प्रत्येक उंचीवर दोन दिशा.

वरची जागा सगळ्यांत महत्त्वाची. ब्लॉकच्या वरच्या कडेपासून नख खाली ओढत आणा. जुन्या ब्लॉकमध्ये काही मिलिमीटरवर एक बारीक पायरी लागते. त्या पायरीच्या लगेच खाली वरची रिंग थांबते आणि परत फिरते. तिथे क्षणभर तिचा वेग शून्य, तेलाचा पडदा सर्वांत पातळ, वरून जळणाऱ्या वायूचा दाब सर्वांत जास्त आणि उष्णताही तिथेच. म्हणून बोअर आधी तिथे झिजतो. पायरीच्या वरचा भाग रिंगला कधी लागतच नाही, तो जवळपास मूळ मापाचा राहतो. तुमच्या ब्लॉकचं 'जन्माचं माप' बघायचं तर तिथे मोजा. दुसरी जागा मधोमध, तिसरी खालच्या कडेच्या सेंटिमीटरभर वर.

दिशा दोन: पिनला काटकोनात आणि पिनच्या रेषेत. कनेक्टिंग रॉड तिरका होतो तेव्हा पिस्टन पिनला काटकोनात असलेल्या भिंतीवर दाबला जातो, झीज तिथे जास्त. स्प्लेंडरमध्ये पिन डावी-उजवीकडे असते, म्हणजे गाडीवर बसलेल्या ब्लॉकची वरची आणि खालची बाजू ही दाबाची बाजू. ब्लॉकच्या बाहेरून खडूने खूण करा, नाहीतर तिसऱ्या मापाला दिशा हरवते.

पुतण्याच्या ब्लॉकचे आकडे कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिले. वर: दाबाच्या दिशेने ५०.०२, पिनच्या दिशेने ५०.०१५. मध्ये ५०.०१५ आणि ५०.०१. खाली दोन्हीकडे ५०.०१. म्हणजे गोलाई अर्ध्या शतांशाने बिघडलेली, उतार एक शतांशाचा. पिस्टन ४९.९८, तोही पिनला काटकोनात, स्कर्टच्या, म्हणजे रिंगांखालच्या भिंतीच्या, खालच्या भागात मोजलेला. वर मोजू नका, तिथे पिस्टन मुद्दाम लहान असतो. क्लिअरन्स ५०.०२ वजा ४९.९८, म्हणजे चार शतांश.

बाबांच्या सीडी १०० चे: वर ५०.१२ आणि ५०.०८, मध्ये ५०.०७ आणि ५०.०५, खाली ५०.०२ आणि ५०.०१. वर-खाली दहा शतांशांचा उतार, वर चार शतांशांची लंबगोलाई. दोन्ही ब्लॉक नुसत्या डोळ्यांनी बघितले तर बाबांचाच जास्त चकचकीत. पुतण्या म्हणाला, "मी असतो तर हा वापरला असता."

गेज नसेल तर: रिंगेची युक्ती

ज्यांना गेज परवडत नाही त्यांनी निदान हे करा. नवी वरची रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि फीलर गेजने तोंडाची फट मोजा. एकदा अगदी खाली, एकदा वर पायरीच्या खाली. रिंग परिघ मोजते, म्हणून दोन फटींमधला फरक ३.१४ ने भागला की व्यासातला सरासरी फरक निघतो. बाबांच्या ब्लॉकमध्ये खाली ०.२० चं पान बसलं, वर ०.४५ चं गेलं, ०.५० चं अडलं. फरक साधारण ०.२७, भागिले ३.१४ म्हणजे साडेआठ शतांश. गेजच्या आकड्यांची सरासरी काढून बघा, तेच येतं. काही रुपयांच्या फीलर गेजने हजारो रुपयांच्या गेजला दिलेली ही साक्ष मला अजूनही आवडते. लंबगोलाई मात्र रिंग सांगू शकत नाही.

आणि हीच फट उताराचा खरा त्रास दाखवते. अशा ब्लॉकमध्ये रिंग वर गेली की पाव मिलिमीटरने उघडते, खाली आली की तेवढीच मिटते. ६००० आरपीएमला सेकंदाला शंभर वेळा. रिंग खाचेत सतत घासते, खाच रुंदावते, आणि नवी कोरी रिंग काही महिन्यांत जुनी होते. उतार असलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा टाकून पैसे जातात ते असे.

होन की रिबोअर

तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा हा शेवटचा शब्द. या मापाच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांसाठी माझी कामचलाऊ रेषा अशी: उतार किंवा लंबगोलाई पाच शतांशांच्या पुढे, किंवा पिस्टनसकट क्लिअरन्स दहा शतांशांकडे, की होन पेटीतच ठेवायचा. नखाला अडकणारा उभा ओरखडा असेल तर आकडे कितीही गोंडस असोत, रिबोअरच. नखाला लागणारा ओरखडा घरगुती होनने निघत नाही. निघेपर्यंत फिरवाल तर व्यास हातचा जाईल.

घरी चालतात ते दोन्ही प्रकारचे होन, गोळ्यांचा आणि स्प्रिंगच्या तीन पायांचा, भोकाचा आकार जसा असेल तसे त्याच्यामागे जातात. लंबगोलात लंबगोल, उतारात उतार. आकार सरळ करतो तो वर्कशॉपचा ताठ होन.

बाबांचा ब्लॉक म्हणून वागळे इस्टेटला गेला. रिबोअरचे पिस्टन साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मि.मी. मोठे मिळतात. आधी पिस्टन विकत घ्या, मोजा, आणि पिस्टन हातात दिल्याशिवाय बोअर करू देऊ नका. पाकिटावर ०.२५ लिहिलेलं असलं तरी पिस्टन ५०.२३ भरेल की ५०.२२, ते मायक्रोमीटरच सांगतो. टर्नरमामांना मी सांगितलं, "बोअरिंगनंतर होनसाठी चार शतांश ठेवा." ते हसून म्हणाले, "ताई, तुम्ही मोजणार म्हटल्यावर ठेवायलाच लागतील."

होन फिरवताना

पुतण्याच्या ब्लॉकचा आजार मापात नव्हताच. आतून तो आरशासारखा होता आणि त्या आरशावर उभे बारीक चरे. गॅरेजमध्ये रिंगा टाकण्याआधी कुणीतरी पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून वर-खाली घासला होता. उभे चरे म्हणजे तेलाला वर चढायला शिड्या, आणि मधला गुळगुळीत भाग म्हणजे रिंगेला बसायला काही आधार नाही. इथे होन योग्य. ते चरे नखाला लागत नव्हते, हे पुन्हा सांगते.

मी गोळ्यांचा होन वापरते, सिलिकॉन कार्बाइडचा, २४० ग्रिटचा. घेताना ५० मि.मी. बोअरसाठीचाच मागा. मोकळा असताना तो बोअरपेक्षा थोडा जाड दिसतो, तसाच असायला हवा.

ब्लॉक व्हाइसमध्ये धरायचा नाही, फिन तुटतात आणि स्लीव्ह दबते. आमच्याकडे एक निवृत्त पोळपाट आहे. त्याला मधोमध स्लीव्ह जाईल एवढं भोक पाडलंय आणि चार बाजूंना बोल्टची भोकं. ब्लॉक उलट न करता त्यावर बसवते, स्टडच्या भोकांतून लांब बोल्ट टाकून हलकेच आवळते आणि पोळपाट दोन विटांवर. होनचं टोक खाली मोकळं बाहेर यायला जागा लागते, त्यासाठी विटा. खाली जुनं ताट.

वंगण भरपूर. शिलाई मशीनचं पातळ तेल चांगलं चालतं. पेट्रोल नको. ड्रिलच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात, गॅलरीत पेट्रोलची वाफ असेल तर पुढचं सांगायला नको.

ड्रिलच्या वेगाचं मात्र गणित करा. होनने उमटणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषांच्या चौकडीत साधारण ४५ अंशांचा कोन हवा. तो ठरतो दगडाचा फिरण्याचा वेग आणि हाताचा वर-खाली वेग यांच्या प्रमाणावरून. ५० मि.मी. बोअरमध्ये २०० आरपीएमला दगड भिंतीवरून सेकंदाला साधारण अर्धा मीटर सरकतो. ४५ अंशांसाठी हात त्याच्या चार दशांश वेगाने, म्हणजे सेकंदाला वीसेक सेंटिमीटर हलायला हवा. सात-आठ सेंटिमीटरच्या ब्लॉकमध्ये म्हणजे सेकंदाला दीडेक वेळा खाली-वर. आरतीला टाळ जरा चढ्या लयीत वाजतात, तो ठेका. आता ड्रिल ८०० ला पळवलं तर हात चौपट वेगाने हलवावा लागेल, ते माणसाला जमत नाही. मग रेषा आडव्या पडतात, गॅसच्या शेगडीवरच्या कड्यांसारख्या, आणि रिंग त्यांच्यावरून तेल न घेता घसरते. चार्जिंगच्या ड्रिलचा पहिला गिअर, ट्रिगर अर्धा.

होन आत घालताना आणि बाहेर काढतानाही फिरता ठेवा. आत थांबवला तर उभी रेघ उमटते. तीन पायांचा वापरत असाल तर दगड टोकाला एक तृतीयांशापेक्षा जास्त बाहेर येऊ देऊ नका, पाय फाकून दगड तुटतो.

पंधरा सेकंद फिरवा. थांबा. पुसा, टॉर्च तिरका धरून बघा. चकचकीत डाग उरले असतील तर अजून पंधरा. पुतण्याच्या ब्लॉकला तीन खेपा लागल्या. प्रत्येक खेपेनंतर दाबाच्या बाजूला चकाकीचा पट्टा थोडा अरुंद होत गेला, तिसऱ्या खेपेला गेला. कोन तपासायला शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो: आतला फोटो सरळ समोरून काढा, स्क्रीनवर धरा. चाळीस ते पन्नासमध्ये काहीही आलं तरी मी खूश असते.

धुणं, म्हणजे खरं काम

ही चूक माझी स्वतःची आहे. पहिल्यांदा होन केला तेव्हा ब्लॉक पेट्रोलने धुतला, फडक्याने पुसला, बसवला. काही शे किलोमीटरमध्ये नव्या रिंगा झिजल्या. पेट्रोल तेल विरघळवून नेतं, दगडाची पूड तशीच चरांमध्ये राहते, आणि तेल गेल्यामुळे अधिकच घट्ट बसते. मग तीच पूड रिंगा, पिस्टन आणि पुढे बेअरिंगही खाते.

पूड निघते साबणाच्या गरम पाण्याने. बादलीत कपड्यांची पावडर, नायलॉनचा ब्रश, आणि चरांच्या दोन्ही दिशांनी घासणं. फिन, स्टडची भोकं, चेनचा बोगदा सगळं. पाणी बदला, पुन्हा. मग पांढऱ्या बनियनच्या तुकड्याला स्वच्छ इंजिन ऑइल लावून बोअर पुसा. पहिला तुकडा राखेसारखा करडा निघतो. दुसराही. पुतण्याला वाटलं आता झालं, मी तुकडा खिडकीत उजेडात धरून दाखवला, अजून करडी छटा होती. परत बादली. पाचव्या तुकड्यावर फक्त तेलाचा पिवळसर डाग आला, तेव्हा थांबलो.

पावसाळ्यात ठाण्याची हवा ओली असते. धुतलेलं उघडं लोखंड काही मिनिटांत केशरी पडायला लागतं. म्हणून वाळवून लगेच ऑइल, मग पिशवीत. थंड झाल्यावर पुन्हा एकदा सहा मापं. होनने अर्ध्या शतांशाच्या आसपास गेलं असेल तर ठीक. दोन-तीन शतांश गेले असतील तर होन जास्त झाला. वापरलेलं तेल आणि काळं पाणी मोरीत ओतू नका. तेल बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

जोडणी आणि पहिले किलोमीटर

रिंगा बसवण्याआधी प्रत्येकीची फट खालच्या, कमी झिजलेल्या भागात तपासा. बोअरच्या प्रत्येक इंचाला चार थाउ (इंचाचे हजारावे भाग) हा जुना हिशोब, म्हणजे ५० मि.मी.ला साधारण ०.२० मि.मी. कमी असेल तर बारीक कानशीने, बाहेरच्या काठाकडून आतल्या काठाकडे एकाच दिशेने घासा, आणि कड मोडा. रिंगेवरची खूण वर. तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर, एकही दाबाच्या बाजूला नको. पिस्टनवरची 'आयएन' खूण इनलेटकडे. पॅकिंग नवीन, आणि हेडचे नट मॅन्युअलच्या टॉर्कला, कर्णरेषेत, दोन-तीन टप्प्यांत.

चालू करून गाडी स्टँडवर अर्धा तास आयडल ठेवायची पद्धत सोडा. रिंगा भिंतीवर दाबतो तो जळलेल्या वायूचा दाब, आणि आयडलला तो नसतो. तेवढ्यात चौकडीची टोकं नुसती घासून गुळगुळीत होतात, रिंगा बसतच नाहीत. दोन-तीन मिनिटं गरम करा, गळती बघा, निघा. घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत मात्र नको. पुतण्याला मी रविवारी सकाळी सहाला ठाणे-बेलापूर रस्त्याला पाठवलं: विटावा, ऐरोली, रबाळे, तुर्भे आणि परत. मध्यम भार, वेग बदलता, थ्रॉटल देऊन ओढू द्यायची आणि मग सोडायची, फुल थ्रॉटल नाही. साधं मिनरल ऑइल, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ते काढून नवं.

काढलेलं ऑइल त्याने पांढऱ्या वाटीत ओतून उन्हात बघितलं, थोडी चंदेरी चमक होती. घाबरून फोन आला. ती नव्या रिंगांची घासण, पहिल्या बदलीला इतकी येतेच. चमचाभर लोखंडी कण बसले असते तर वेगळी गोष्ट. दुसऱ्या बदलीला ऑइल स्वच्छ, डिपस्टिकची रेघ जागच्या जागी, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेला पांढरा कागद कोरडा. बाबांच्या सीडीचा ब्लॉक मात्र अजून माझ्याकडेच आहे. टर्नरमामांकडून आला तेव्हा वर ५०.२६ आणि खाली ५०.२५ भरला, चौकडी सुंदर. आणि पिस्टनच्या पाकिटात एक लॉक कमी निघाला.